आधी पाणी, मग मासे

*घरात खाऱ्या पाण्याची प्रवाळटाकी उभी करायची, तर खरेदीची यादी माशांपासून सुरू होत नाही. पहिल्या टाकीच्या तयारीची, तिच्या विज्ञानाची आणि आपल्या किनाऱ्याशी असलेल्या तिच्या नात्याची ही हकीकत.*

१८४६ साली ॲना थिन नावाच्या एक बाई इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की गावी गेल्या होत्या. त्यांचे यजमान लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत धर्माधिकारी होते. टॉर्कीच्या खडकांत बाईंना नखाएवढी दगडी पोवळी सापडली. त्यांनी ती सुईदोऱ्याने स्पंजाला टाचली, बरणीतल्या समुद्राच्या पाण्यात ठेवली आणि लंडनला घरी आणली. लंडन काही समुद्रकाठी नाही. सारखं ताजं खारं पाणी मागवणं अवघड होतं. तेव्हा आहे तेच पाणी उघड्या खिडकीशी उभं राहून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचं, असा क्रम सुरू झाला. एका वेळेला अर्धा-पाऊण तास हे काम चाले, आणि ते करणारी होती घरात कामाला असलेली एक लहान मुलगी. पुढच्या वर्षी बाईंनी शेवाळ उगवलेले दगड मागवून त्याच पाण्यात सोडले. पोवळी जवळजवळ तीन वर्षं जगली आणि त्यांना पिल्लंही झाली. समतोल साधून घरात टिकवलेलं समुद्री जलालय म्हणून याच प्रयोगाचं नाव पहिलं घेतलं जातं.

प्राणिशास्त्राचं रीतसर शिक्षण बाईंना मिळालेलं नव्हतं. तरी त्यांनी नेमकं मर्म ओळखलं होतं. त्यांची सगळी मेहनत पोवळ्यांवर नव्हती, पाण्यावर होती. पाण्यात हवा मिसळली पाहिजे आणि घाण साचता कामा नये, एवढं साधलं की जीव आपला आपण जगतो. आज बाजारात मिळणारे पंप, स्किमर, चिलर, हवे त्या रंगाचे दिवे ही सगळी यंत्रं मिळून त्या मुलीचंच काम पुढे चालवत आहेत.

पहिली प्रवाळटाकी उभी करू पाहणाऱ्याने हे एक सूत्र गाठीशी बांधलं, तर पुढचे अर्धेअधिक घोटाळे टळतात. आपण पाणी पाळायचं असतं. मासे आणि प्रवाळ हे त्या पाण्याचे पाहुणे.

हौस इथवर कशी आली

ॲना थिन यांच्यानंतर काही वर्षांतच, १८५३ मध्ये, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. त्यामागे काम करणाऱ्या फिलिप गॉस यांनी १८५४ साली ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक काढलं आणि इंग्लंडच्या दिवाणखान्यांत काचेच्या पेट्यांची लाट आली. क्षार मोजून मिसळून समुद्राचं पाणी घरी बनवता येतं, हेही गॉस यांनी दाखवून दिलं. मात्र उष्ण कटिबंधातलं प्रवाळ पेटीत जगवायला आणखी शंभर वर्षं जावी लागली.

ती वाट जकार्तातून निघाली. ली चिन एंग या तिथल्या हौशी गृहस्थांनी १९६१ मध्ये आपली ‘नैसर्गिक पद्धत’ लिहून प्रसिद्ध केली. समुद्रातले जिवंत खडक, भरपूर उजेड आणि हवेचे मंद बुडबुडे एवढ्यावर त्यांचं प्रवाळ तग धरत होतं. पाणी शुद्ध करणारे जिवाणू खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत राहतात, हे त्यांच्या यशाचं कारण. १९६० च्या दशकातच पाकीटबंद समुद्री मीठ अमेरिकेत विकलं जाऊ लागलं आणि समुद्रापासून शेकडो मैलांवरच्या माणसालाही ही हौस करता येऊ लागली. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी जिवंत खडक, जोरकस स्किमर आणि प्रखर दिवे यांची सांगड घातली. त्या पद्धतीला आजही बर्लिन पद्धतच म्हणतात. १९८० च्या दशकात तिथे प्रवाळाच्या फांद्या टाकीत वाढवून, तोडून एकमेकांना देण्याइतकी मजल गेली होती.

मुंबईकराने समुद्री मासे काचेपलीकडे पहिल्यांदा पाहिले ते बहुधा मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात. ते १९५१ साली सुरू झालं. घरात मात्र कित्येक वर्षं गोल्डफिश, गप्पी आणि एंजल हे गोड्या पाण्यातलेच मासे असत. २००३ मध्ये ‘फाइंडिंग निमो’ आला आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊनफिश पोरांच्या तोंडी बसला. आज कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या मासेबाजारात ‘निमो’ मागायला येणारं गिऱ्हाईक नेहमीचं आहे. त्यातले बरेचजण मासा आणि टाकी एकाच दिवशी घेऊन जातात. तिथेच पहिली चूक होते.

टाकी कुठे, केवढी

लहान टाकी सोपी असेल, असं नवख्याला वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. चाळीस लिटरच्या टाकीत एक मासा मेला किंवा चिमूटभर खाणं जास्त पडलं तरी सगळं पाणी नासतं. दोनशे लिटरमध्ये तोच धक्का पचून जातो. म्हणून पहिली टाकी १५० ते २०० लिटरची असावी, असं जाणकार सांगतात.

१०० सेंटिमीटर लांब, ५० रुंद आणि ४० उंच अशी टाकी भरली की २०० लिटर पाणी होतं. त्यात दहा मिलिमीटर जाडीची काच, खडक, वाळू, स्टँड आणि खाली यंत्रांसाठी ठेवलेली दुसरी टाकी, म्हणजे संप, धरली, तर एकूण भार पावणेचारशे ते चारशे किलोंच्या घरात जातो. राहत्या खोलीची जमीन आपल्याकडच्या मानकांनुसार साधारणपणे दर चौरस मीटरला दोनशे किलो चालता-फिरता भार धरून बांधलेली असते, आणि ही टाकी अर्ध्या चौरस मीटरवर उभी असते. तेव्हा तिला खोलीच्या मध्यात जागा देऊ नये. भिंतीलगत, तुळईवर आधार मिळेल अशी जागा निवडावी. इमारत जुनी असेल किंवा टाकी याहून मोठी असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच पुढे जावं. खिडकीतलं ऊन थेट टाकीवर येत असेल, तर ती जागाही बाद करावी.

विजेची जोडणी हा दुसरा मुद्दा. खारं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळीसारखी लोंबती सोडावी, म्हणजे वायरवरून घरंगळणारा थेंब खाली पडेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. त्या सर्किटला ईएलसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. टाकीत हात घालण्यापूर्वी उपकरणं बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांनी लावून घ्यावी.

पाणी भरल्यावर, एकही जीव सोडण्याआधी, मेन स्विच मुद्दाम बंद करून पाहावा. पंप थांबला की वरच्या टाकीतलं थोडं पाणी पाइपांतून संपमध्ये उतरतं. ते मावेल एवढी रिकामी जागा संपमध्ये नसेल, तर पहिल्याच लोडशेडिंगला दिवाणखान्यात समुद्राचं पाणी येईल.

नळाचं पाणी, मीठ आणि एक थेंब

नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं, शिवाय फॉस्फेट, नायट्रेट आणि धातूंचे अंशही असतात. आपल्याला पिण्यात त्यांचा त्रास होत नाही, पण टाकीत ते शेवाळाचं खत ठरतात आणि तांब्याचा अंश तर कोळंबी-गोगलगायींना मारतो. म्हणून आरओच्या पाण्याला पुढे डीआय रेझिनची नळी जोडतात आणि टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, शून्यावर आणतात. घरच्या प्युरिफायरचं पाणी चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. चवीसाठी त्यात बहुधा क्षार पुन्हा मिसळलेले असतात, तेव्हा ते थेट वापरता येत नाही.

समुद्र जवळ असताना मीठ विकत का घ्यायचं, असंही मुंबईकर विचारतात. शहराच्या किनाऱ्यावर सांडपाणी येतं, बोटींचं तेल असतं आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांमुळे खारटपणा कोसळतो. तयार मीठ महाग पडलं, तरी रोज सारखं असतं.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर अशी टाकी पाहायला गेलो, तेव्हा घरात पाणी बदलण्याचं काम चाललं होतं. बँकेत नोकरी करणाऱ्या ताई आठवड्यातून एकदा वीस लिटर पाणी बदलतात. आदल्या रात्रीच बादलीत शुद्ध पाणी घेऊन त्यांनी सातशे ग्रॅम मीठ मिसळलं होतं. छोटा पंप रात्रभर ते घुसळत होता. सकाळी त्यांनी ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकला, झाकण मिटलं आणि नळी खिडकीकडे धरून डोळा लावला.

“एक जास्त दाखवतोय. या ना, बघा तुम्ही.”

आत वर निळा, खाली पांढरा असा गोल दिसत होता. दोहोंमधली रेघ छत्तिसावर होती. हवी ती पस्तिसावर, म्हणजे लिटरमागे पस्तीस ग्रॅम क्षार. ताईंनी अर्धा लिटर साधं शुद्ध पाणी ओतलं आणि पंप पुन्हा लावला. मुलगा बादलीत बोट घालायला आला, तसं त्यांनी त्याला थांबवलं. “अरे, साबणाचा हात आहे ना तुझा? आधी नुसत्या पाण्याने धुऊन ये.” पाच मिनिटांनी पुन्हा थेंब, पुन्हा खिडकी. मग थर्मामीटर. बादलीतलं आणि टाकीतलं पाणी एकाच तापमानाला आल्यावर जुनं पाणी नळीने काढलं आणि नवं सावकाश सोडलं. सगळ्याला तास गेला. हेच काम दर आठवड्याला करायचं आहे, हे मान्य असेल तरच टाकी घ्यावी.

रोजची वाफ हा निराळा हिशोब. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. त्यामुळे पातळी उतरली की तिथे खारं पाणी घालायचं नसतं, साधं शुद्ध पाणीच घालायचं. काचेवर पट्टी चिकटवून पातळीची खूण करावी आणि रोज भरावं, किंवा ते काम करणारं छोटं स्वयंचलित यंत्र बसवावं.

महिनाभर रिकामी टाकी

आता येतो सगळ्यात अवघड भाग. टाकी उभी आहे, पाणी स्वच्छ आहे, दिवे लागले आहेत आणि आत मासा नाही. हा काळ चार ते सहा आठवड्यांचा.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या वर असतो आणि अशा पाण्यात अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्यापेक्षा बराच जास्त असतो. जिवाणूंचा एक गट या अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट करतो. नायट्रेट थोड्या प्रमाणात निरुपद्रवी असतं आणि पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू खडकावर आणि वाळूत वस्ती करतात, पण त्यांची वाढ फार सावकाश होते. बाटलीतले तयार जिवाणू किंवा एखाद्या जुन्या, निरोगी टाकीतला खडकाचा तुकडा विरजणासारखा कामी येतो. तरीही दही लागायला वेळ द्यावाच लागतो.

या जिवाणूंना पोसण्यासाठी पाण्यात शुद्ध अमोनियम क्लोराइड मोजून टाकतात. मग चाचणीच्या काचनळ्या रोज हातात येतात. टाकीतल्या पाच मिलिलिटर पाण्यात चाचणीद्रवाचे थेंब टाकून हलवलं आणि रंग पिवळा राहिला तर अमोनिया नाही, हिरवा झाला तर आहे. पहिले काही दिवस गडद हिरवा दिसतो. मग तो फिका होत जातो आणि नायट्राइटची नळी जांभळी होऊ लागते. काही दिवसांनी तीही फिकी पडते. टाकलेला अमोनिया चोवीस तासांत नाहीसा होऊन नायट्राइटही शून्य आलं, की पाणी तयार झालं. पूर्वी या कामासाठी स्वस्तातला एखादा मासा आत सोडून त्याला विषारी पाण्यात तडफडू देत असत. आज त्याची काहीएक गरज नाही आणि ती क्रूरता थांबलीच पाहिजे.

यानंतरही टाकी काही महिने कुरूप दिसते. आधी तपकिरी धूळ पसरावी तसे डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल येतात, मग हिरव्या केसांसारखं शेवाळ, कधी तांबडट चिकट थर. बरेचजण याच टप्प्यावर औषधं ओततात किंवा टाकी मोडून टाकतात. खडकावर कुणी राहायचं, याची जिवाणू आणि शेवाळांमध्ये स्पर्धा चाललेली असते. गोगलगायी सोडाव्यात, खाणं बेतानं द्यावं, दिव्यांचे तास कमी करावेत आणि थांबावं. खडकावर गुलाबी-जांभळा कठीण थर धरू लागला, की टाकी स्थिरावली समजावं.

यंत्रं काय करतात

स्किमर हे यंत्र पाण्यात लाखो बारीक बुडबुडे सोडतं. प्रथिनं बुडबुड्यांना चिकटतात, फेस होऊन वर चढतात आणि वरच्या पेल्यात जमतात. वादळी दिवसांत किनाऱ्यावर जो फेस साचतो, तोही असाच तयार होतो. दोन-तीन दिवसांनी पेल्यात काळपट, घाण वासाचं पाणी दिसतं. ते टाकीत कुजलं असतं, तर पुढे अमोनियाच झालं असतं.

वेव्हमेकर पाणी हलतं ठेवतो. प्रवाळ जागचं हलत नाही, तेव्हा त्याच्यापर्यंत प्राणवायू आणि अन्न नेणं आणि त्याची घाण वाहून नेणं प्रवाहालाच करावं लागतं. टाकीत जितकं पाणी आहे, त्याच्या वीस ते तीस पट पाणी दर तासाला फिरावं, हा ढोबळ नियम.

दिव्यांचं कारण वेगळं. उथळ समुद्रातल्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. समुद्रात खोलवर निळाच प्रकाश पोचतो, म्हणून टाकीवरचे एलईडी निळसर असतात. आठ-नऊ तास उजेड पुरतो.

आणि चिलर. पाणी २५-२६ अंशांवर राहावं लागतं. मुंबईत मे महिन्यात खोलीच ३२-३३ वर असते, पंपांची उष्णता त्यात आणखी भर घालते. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात टाकीवर पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. कोकणच्या दमट हवेत पंखा फारसा उपयोगी पडत नाही. तिथे चिलर लागतोच, आणि त्याची गरम हवा बाहेर जायला वाटही लागते.

खर्चाचा अंदाज विजेवरून घेता येईल. २०० वॅटचा चिलर दिवसाला बारा तास चालला तर २.४ युनिट. सगळे पंप मिळून ७० वॅट, चोवीस तास, म्हणजे जवळपास १.७ युनिट. १०० वॅटचे दिवे नऊ तास, ०.९ युनिट. रोजचे पाच, महिन्याला दीडशे युनिट झाले. टाकीची किंमत एकदाच मोजावी लागते, वीज आणि मीठ दर महिन्याला. वीज गेली तर पाण्यातला प्राणवायू काही तासांत घटतो, आणि पाणी कोमट असेल तर आणखी लवकर. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप पहिल्या दिवसापासून घरात असावा.

कुणाला आणायचं

क्लाऊनफिशची जोडी ही पहिली निवड म्हणून योग्य आहे. हा मासा काटक आहे, काहीही खातो आणि हॅचरीत पैदा झालेला मिळू शकतो. सगळे क्लाऊनफिश आधी नर असतात. जोडीतला मोठा आणि वरचढ मासा पुढे मादी होतो. म्हणून दोन लहान मासे एकत्र आणले की जोडी आपोआप जमते. नीट ठेवले तर ते वीस-वीस वर्षं जगल्याच्या नोंदी आहेत. मासा घेताना एवढ्या वर्षांचा विचार मनात असावा.

निळा टँग, म्हणजे त्याच सिनेमातली डोरी, फूटभर वाढतो. दोनशे लिटरमध्ये त्याला कोंडणं योग्य नाही. मँडरिन हा मासा विलक्षण देखणा, पण तो खडकावरचे जिवंत सूक्ष्म कवचधारी जीव वेचून जगतो. नव्या टाकीत ते पुरेसे नसतात आणि मासा खंगून मरतो. दुकानात कितीही आवडला तरी तो सोडून यावं.

प्रत्येक नवा मासा आधी वेगळ्या, साध्या टाकीत काही आठवडे ठेवावा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एका परजीवीमुळे होतो आणि तो तांब्याच्या औषधाने बरा होतो. पण तांबं मुख्य टाकीत घालता येत नाही, कारण त्याने कोळंबी आणि प्रवाळ मरतात. रोग मुख्य टाकीत शिरलाच, तर सगळे मासे बाहेर काढून ती अडीच महिने रिकामी ठेवावी लागते.

प्रवाळांपैकी मऊ प्रकार नवख्यासाठी बरे, जसे मशरूम, लेदर, झोॲन्थस. मात्र झोॲन्थस आणि त्याच्या भाऊबंदांमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं. त्यांना हात लावताना हातमोजे आणि चष्मा घालावा. ते बसलेला खडक कधीही उकळू नये किंवा गरम पाण्याने घासू नये. त्या वाफेने माणसं रुग्णालयात पोचली आहेत.

कायदा आणि आपला समुद्र

परदेशी पुस्तकं आणि व्हिडिओ पाहून इथे टाकी लावणाऱ्याला एक गोष्ट माहीत असलीच पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ साली सर्व दगडी प्रवाळ, काळी पोवळी, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे अनुसूची १ मध्ये घातले गेले. वाघाला जे संरक्षण आहे, तेच यांना आहे. समुद्री घोडे आणि समुद्री काकड्याही त्यात आल्या. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही प्रवाळांचं हे संरक्षण कायम आहे. गुन्हा सिद्ध झाला तर तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते. बाजारात कुठे दगडी प्रवाळ दिसलं म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. समुद्रातून काढलेला ‘लाइव्ह रॉक’ म्हणजेही बहुतेक वेळा प्रवाळाचाच सांगाडा असतो. मऊ प्रवाळाची खरेदीही पक्क्या बिलाशिवाय करू नये आणि शंका असेल तर आधी वनखात्याकडे चौकशी करावी.

या बंधनाने हौस अपुरी राहते, असं काहींना वाटतं. माझं मत वेगळं आहे. दगडी प्रवाळ आपला सांगाडा बांधण्यासाठी पाण्यातलं कॅल्शियम आणि क्षारता सतत ओढून घेतं. ती रोज मोजून भरावी लागते, आणि नवख्यांच्या बहुतेक टाक्या तिथेच कोलमडतात. मऊ प्रवाळ आणि हॅचरीतले मासे एवढ्यावरच थांबलं, तर आठवड्याला पाणी बदलून ही भरपाई होऊन जाते. कारखान्यात केलेल्या सिरॅमिक खडकांवर जिवाणूही तितकेच चांगले बसतात आणि त्यांच्यासोबत नको ते खेकडे-किडे घरात येत नाहीत. कायदा जे सांगतो, तेच नवख्याच्या हिताचं आहे.

आणि हे संरक्षण हवंच. प्रवाळ म्हटलं की आपल्याला अंदमान-लक्षद्वीप आठवतं, पण ते आपल्या दारातही आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात ते आहे. १९८७ साली तिथे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला, खोल समुद्रात, आंग्रिया बँक हा बुडालेला उंचवटा प्रवाळाने भरलेला आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव त्याला मिळालं आहे. मुंबईत हाजी अली आणि वरळीच्या खडकांतही दगडी प्रवाळ निघालं. किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये ते कुलाब्याजवळ हलवावं लागलं.

समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागेत प्रवाळभित्ती आहेत, आणि समुद्री जीवांच्या सुमारे पाव प्रजाती त्यांच्या आधाराने जगतात. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक-दोन अंशांनी जास्त आणि सलग काही आठवडे तापलं, तर प्रवाळ आपल्या पेशींतलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लक्षद्वीपने १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हे सोसलं. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातला चौथा मोठा विरंजनकाळ सुरू असल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. घरच्या टाकीत चिलर बंद पडून पाणी तीस-एकतिसाच्या वर गेलं की तेच घडताना दिसतं. फरक एवढाच, की समुद्राला चिलर लावता येत नाही.

हॅचरीचा मासा

शोभेचे समुद्री मासे जगभर मोठ्या प्रमाणात समुद्रातूनच पकडले जातात. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून आणि पुढे इंडोनेशियातही त्यासाठी सायनाइड वापरलं गेलं. गुंगीत आलेला मासा हाताने उचलता येतो, आसपासचं प्रवाळ मरतं आणि मासाही पुढे फार दिवस टिकत नाही. दुकानात धडधाकट दिसलेला मासा आठ दिवसांत मरण्यामागे अशी कारणंही असतात.

याला तोड आहे ती पैदाशीची. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, म्हणजे सीएमएफआरआयने, विळिंजम आणि मंडपम इथल्या केंद्रांत क्लाऊनफिशसह अनेक शोभेच्या माशांची पैदास करून दाखवली. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने, म्हणजे एनबीएफजीआरने, स्थानिक महिलांना शोभेच्या कोळंब्या वाढवायला शिकवलं. महाराष्ट्रात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठानाने एनबीएफजीआरच्याच मदतीने क्लाऊनफिशची हॅचरी उभी केली. किनाऱ्यावरच्या बचत गटांनी पिल्लं वाढवायची आणि विकायची, असा त्यामागचा विचार आहे. अंड्यातून बाहेर आल्यापासून टाकीतच वाढलेला मासा गोळ्यांचं खाणं सहज खातो, माणसाला बुजत नाही आणि रोगही कमी आणतो. शिवाय त्याच्यासाठी कुठल्याही भित्तीवर जाळं पडलेलं नसतं. दोन रुपये जास्त पडले तरी घ्यावा तो हाच.

घरात समुद्र ठेवायचा, तर बाहेरच्या समुद्रातून काही कमी करून तो ठेवायचा नाही, एवढा नियम प्रत्येक हौशी पालकाने स्वतःपुरता पाळावा. त्यासाठी दुकानात तीन गोष्टी विचारा. हा मासा समुद्रातून पकडलेला आहे की हॅचरीतला? हे प्रवाळ कोणतं आणि त्याचं बिल मिळेल का? आणि हा मासा माझ्यासमोर खाऊन दाखवेल का? तिन्ही उत्तरं मनासारखी मिळाली, तरच पिशवी घ्या. नाही मिळाली, तर रिकाम्या हाताने परत या. टाकीतले जिवाणू चिमूटभर खाण्यावर महिनाभर सहज थांबतात.